हिरवा उजेड

दिवा लागला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकंच फिरलं.

दिव्याच्या छोट्याशा खिडकीतून हिरवागार उजेड बाहेर येत होता. आमचा डायरेक्टर ईशान, वय वर्षं चौतीस, नवरदेवासारखा मिरवत होता. "इझन्ट इट ब्युटिफुल?" म्हणाला. कप्पाळ ब्युटिफुल!

इथे अमेरिकेत, सनीव्हेलच्या या कंपनीत मी एकोणीस वर्षं हे दिवे बांधते. आत शुद्ध आर्गॉन वायू भरायचा आणि केसाहून दोनशे पट पातळ पडद्यातून त्यात इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा. आर्गॉन मग अतिनील किरण देतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत. आमचा दिवा उत्तम लागला की खोलीत जवळजवळ अंधारच असतो, तो लागलाय हे मीटर सांगतो. हिरवं दिसलं तर आत हवेचा किंवा पाण्याचा अंश राहिलाय असं समजायचं. टाळ्या त्या घाणीला पडत होत्या!

म्हणून गॅस भरण्याआधी दिवा अठ्ठेचाळीस तास तापवत ठेवायचा. लोणच्याची बरणी ओली राहिली तर लोणचं नासतं, तसंच हे. जो दिवा तापवायला लावतो त्याने कागदी पट्टीवर वेळ आणि नाव लिहून चिकटवायचं, आणि ती वेळ होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. रविवारी सुट्टीचं येऊन मी पट्टी लावली होती, 'मंगळवार सकाळी आठ. शोभना.' आज सोमवार होता, आणि माझी पट्टी कचऱ्याच्या डब्यात होती.

"ईशानने काल रात्रीच हीटर बंद करून गॅस भरला, मावशी," अरुण हळूच म्हणाला. हा नागपूरचा, माझ्या हाताखाली तयार होतोय. "आजच्या डेमोसाठी."

दिवा विकत घेणारे पाहुणे जेवायला गेले आणि ईशान दिव्याच्या चाचणीचा कागद घेऊन माझ्यापुढे आला.

"मावशी, फक्त एक साइन. दे आर लीव्हिंग ॲट थ्री."

"मीटर बघितलास? निम्मासुद्धा आकडा नाही. आणि इथे पूर्ण लिहिलाय!"

"तो मागच्या दिव्याचा आहे. सेमच येतो ना नेहमी?"

"नेहमी येतो, कारण मी नेहमी अठ्ठेचाळीस तास थांबते. अरे, रक्तातलं विष शोधणाऱ्या मशीनमध्ये बसणार आहे हा. उद्या विष असून दिसलं नाही तर?"

"शुक्रवारी शिप करायचाय. त्याआधी बघू काहीतरी."

"मग शुक्रवारी घे सही."

"आत्ता सगळे हॅपी आहेत. उगाच इश्यू नको ना करूस, मावशी."

मावशी! याची आई माझी मैत्रीण. चार वर्षांचा असताना माझ्या मांडीवर बसून वरणभात खाल्लाय याने. मीटिंगमध्ये मी 'अवर टेक्निशियन', नावसुद्धा घेत नाही मेला. काम अडलं की मावशी!

"कागदावर माझं नाव आलं की दिवा माझा," मी म्हटलं. "एकोणीस वर्षांत एकही परत आलेला नाही. मी सही करणार नाही."

"देन डोन्ट कम इन टुमारो," तो म्हणाला. अगदी हळू, सभ्यपणे. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मग खिशातून पेन काढून त्याने स्वतःच सही ठोकली आणि पाहुण्यांकडे निघून गेला.

रडू आलं, त्याचाही राग आला. तरी मी आतला खराब गॅस काढून टाकला, पंप सुरू केला, दिव्याला हीटरची टेप गुंडाळली, वरून फॉइल लावलं. नवी पट्टी लिहिली, 'बुधवार दुपारी तीन. शोभना.'

अरुण कोपऱ्यात उभा होता. "मावशी, मी काय करू? माझा व्हिसा यांच्याच हातात आहे."

"तू काहीही करू नकोस. फक्त दिव्याला हात लावू नकोस. आणि दुसऱ्या कोणाला लावू देऊ नकोस. तीन वाजले की ताजा गॅस भर."

टेबलावर ओळखपत्र ठेवलं आणि डबा उचलून घरी आले. मंगळवारी चिडचिड करत सगळी कपाटं आवरली. ईशानच्या आईचा फोन आला, तो घेतला नाही.

बुधवारी संध्याकाळी भेंडी चिरत होते, तेव्हा अरुणचा मेसेज आला. 'कोणी हात लावला नाही, मावशी. आत्ताच लावून बघितला.' खाली लॅबचा फोटो होता. कोपऱ्यात मीटरचा आकडा, पूर्ण. बाकी फोटो सगळा काळा.

मी हात पुसले, फोटो मोठा केला, आणि त्या काळोखाकडे कितीतरी वेळ बघत बसले.