दिव्यांना अर्थ नाही

त्या संध्याकाळी लाइट घालवली ती बाबांनीच. आरामखुर्चीशेजारी भिंतीवर पितळी दिवा होता आणि त्याच्या खाली एक प्लग. त्यात त्यांनी इस्त्री खुपसली. शर्टाची बाही होईपर्यंत पुस्तकाचं एक पान वाचून होईल, असा त्यांचा हिशोब. बाही झाली नाही, पान झालं नाही आणि घर अंधारात गेलं.

"कोणी काही करू नका," बाबा खुर्चीतून म्हणाले. फ्यूज गेला की ते हे नेहमी म्हणत, आणि स्वतः तंतोतंत पाळत.

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. दाराशेजारी फ्यूजचा बोर्ड होता. काळं पडलेलं लाकूड, त्यावर चिनी मातीचे पांढरे फ्यूज आणि खाली जमिनीवर निळ्या रबरी चपलांचा जोड. त्या चपला घरात कुणाच्याच नव्हत्या, त्या बोर्डाच्या होत्या. आईने त्या पायात सरकवल्या, स्टुलावर चढली आणि दातांत तार धरून म्हणाली, "तुमच्या डोक्याला मेन स्विच आहे का हो?"

"होता. लग्नात तुझ्या ताब्यात दिला."

सुट्टीला आलेली लेक बॅटरी धरून उभी होती. "आई, बदलून टाक ना हे धूड. या वयात काय स्टुलावर चढतेस?"

"तुझ्या पायात काही आहे का?"

"विषय बदलू नकोस."

"पायात काही आहे का, ते विचारलं."

लेक हे चालायला लागल्यापासून ऐकत आली होती. पितळी दिवा चावायचा. अगदी झटका नव्हे, पण हाताला मुंग्या यायच्या. म्हणून कोणीही दिव्याकडे हात नेला की आई असेल तिथून ओरडायची, "चप्पल घातलीस का?" लेकीने यावर लहानपणी जीभ दाखवली, कॉलेजात डोळे फिरवले, पुढे फोन कानाला लावून निघून गेली. सरळ उत्तर तेवढं कधी दिलं नाही. त्या संध्याकाळीही दिलं नाही. लाइट आली, आणि इस्त्री तिथे लावलीच कशी, यावर आईने बाबांना धारेवर धरलं.

सकाळी आई उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

मग प्रश्न उरला बाबांचा.

"माझ्याकडे चला," लेक म्हणाली.

"तुझ्याकडे माझी खुर्ची मावणार नाही."

"आणि इथे फ्यूज गेला तर?"

"अंधारात बसेन."

"वाचाल कसं?"

शेवटी तह झाला. बोर्ड नवा बसवायचा. बाबांना आपल्या हाताने लाइट आणता आली तर ते इथेच राहतील, नाही तर मुकाट्याने सामान भरतील.

वायरमन आला तो गप्पा मारतच. जुने फ्यूज उपसून त्याने उजेडात धरले. "या तारा कोणी भरल्यात?"

"बायकोने," बाबा म्हणाले.

"हात साफ आहे हां त्यांचा."

'आहे'चं 'होता' कोणी केलं नाही.

लाकूड गेलं, खटक्यांची पांढरी पेटी आली. वायरमनने तपासणी केली, तोंड वाकडं केलं आणि पेटीवर एक चिकटपट्टी लावून तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: दिव्यांना अर्थ नाही.

लेकीचं आयुष्य पुस्तकांत गेलेलं. तिने ते पुन्हा वाचलं. "म्हणजे काय?"

"म्हणजे दिव्यांच्या लाइनला अर्थची, अर्थिंगची वायरच नाही, ताई. जुन्या घरांत नसायची. दिवे प्लास्टिकचे असते तर चाललं असतं. हा पितळी मात्र काढावा लागेल."

"माझ्या बोलण्याला अर्थ नाही, हे तिने जन्मभर सांगितलं," बाबा म्हणाले. "दिव्यांचंही तेच होतं तर!"

लेक हसली. बऱ्याच दिवसांनी, आवाज करून.

"दिवा निघणार नाही," बाबांनी जाहीर केलं.

"मग भिंती कोरून, झिऱ्या पाडून नवी वायर ओढावी लागेल, काका. घरभर धूळ होईल."

"होऊ द्या."

धूळ झाली. पुस्तकांवर चादरी पडल्या, खुर्ची स्वयंपाकघरात गेली आणि बाबा तिथून कोणी न मागितलेल्या सूचना देत राहिले. काम संपलं तेव्हा खुर्ची दिव्याशेजारी परत आली आणि वायरमनने चिकटपट्टी सोलून काढली. "आला बघा दिव्यांना अर्थ!" मग त्याने पेटीवरचं तपासणीचं बटण दाबलं. खटका पडला, लाइट गेली.

"काका, उठा."

झोपलेल्या कुत्र्याजवळून जावं तसे बाबा पेटीकडे गेले. खाली बघितलं, निळ्या चपलांत पाय घातले. टाचा निम्म्या बाहेर. डोळे मिटून त्यांनी खटका वर केला.

लाइट आली.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग ही बाई इतकी वर्षं भाव कसला खात होती?" बाबा म्हणाले. मग चपला काढून खुर्चीत जाऊन बसले. "तुझी बॅग तू भर. माझी राहू दे. आणि तो दिवा लाव बघू, अक्षरं दिसत नाहीत."

लेक अनवाणीच दिव्याकडे गेली. हात अर्ध्यावर नेला आणि थांबली. स्वयंपाकघरातून कोणी ओरडलं नाही.

ती मागे आली, बोर्डाखालच्या चपला तिने पायात सरकवल्या.

"ताई, आता गरज नाही त्याची," वायरमन म्हणाला. "खुशाल हात लावा."

"माहीत आहे."

तिने दिवा लावला आणि हात पितळेवर तसाच ठेवला. मुंग्या आल्या नाहीत. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, तिथे ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"हो गं आई. घातली."