थॉर्नबेक घराण्याची खुंटी

मित्रांनो, कोट अडकवताना खुंटीकडे कुणी बघत नाही. तुम्हीही बघत नसाल. आज मात्र क्षणभर बघा, कारण मी एक जुनी पितळी खुंटी आहे आणि लंडनला, थेम्स नदीकाठी, ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या दाराशी भिंतीत ठोकलेली आहे.

बर्मिंगहॅमच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. माझ्या बहिणी शाळांत नि खानावळींत गेल्या, मला थेट उमरावांच्या रांगेत जागा मिळाली. काय तो माझा तोरा! माझ्या डोक्यावर नावाची चिठ्ठी लागली : थॉर्नबेक.

हे एकाच माणसाचे नाव असेल असे तुम्हाला वाटेल. छे! आधी पणजोबा आले, मग आजोबा, मग वडील. माणूस जाई, चिठ्ठी तशीच राही. मुलगा येई आणि बापाच्याच खुंटीवर कोट अडकवी. त्याला कुणी निवडून दिलेले नसे. तो त्या घरात जन्मला, एवढेच त्याचे कर्तृत्व.

पणजोबांचा कोट माझ्यावर दोनदाच चढला. एकदा शपथेच्या दिवशी, आणि एकदा खाणीतल्या पोरांचे कामाचे तास कमी करणारा कायदा पाडायला ते आले तेव्हा. मत दिले, कोट उचलला, शिकारीला गेले. जाब विचारणार कोण? मला मात्र तो कोट अजून जड वाटतो.

शेवटचे लॉर्ड थॉर्नबेक अगदी वेगळे होते. कोपरावर विरलेला, कुत्र्याचा वास येणारा कोट घालून ते रोज येत. बहिऱ्या मुलांच्या शाळांसाठी कायद्यात एक कलम घालायला ते दोन हिवाळे भांडले आणि ते घालूनच थांबले. त्यांची मुलगी टॅम्सिन अशाच शाळेत शिकवत होती. संध्याकाळी ती वडिलांना न्यायला येई आणि ओला कोट हातावर घेऊन दाराशी उभी राही. सदस्याच्या खुंटीवर दुसऱ्याचा कोट टांगायचा नाही, हा इथला रिवाज. शिवाय थॉर्नबेकांची गादी मुलीकडे जात नसे. ती जायची होती केनियात घोडे पळवणाऱ्या पुतण्याकडे, पेरेग्रिनकडे. त्याने या जागेबद्दल काकांना एकच प्रश्न विचारला होता, "तिथे जेवण बरं असतं ना?"

मग विसावे शतक सरता सरता तो कायदा आला. जन्माने मिळालेल्या बहुतेक जागा रद्द करायच्या होत्या. मतदानाच्या दिवशी बापलेक माझ्यासमोरच बोलत उभे होते.

"आत जाऊन काय सांगू? मलाच हाकला म्हणून?" लॉर्ड कुरकुरले. "कामचुकारपणा केला का मी कधी?"

"मुळीच नाही, डॅडी. पण पणजोबांना कोण घालवू शकलं असतं?"

"ते गेले बिचारे."

"आणि उद्या पेरेग्रिन आला तर?"

"तो घोड्यासकट येईल."

"थट्टेवारी नेऊ नका. माझ्या शाळेतल्या मुलांना तुम्ही मिळालात, हे त्यांचं नशीब. देशाचा कायदा काय नशिबावर सोडायचा?"

मतदानाची घंटा वाजली आणि लॉर्ड आत गेले. आमच्याकडे मत देताना हो किंवा नाही म्हणत नाहीत. 'समाधानी' किंवा 'असमाधानी' म्हणतात.

ते परतले तेव्हा दारावरच्या मिस्टर स्पर्लिंगनी हळूच विचारले, "काय झालं, मायलॉर्ड?"

"समाधानी म्हणालो, स्पर्लिंग. पण शब्द तोंडातून निघता निघेना."

त्यांनी स्वतःचा कोट काढून घेतला आणि टॅम्सिनच्या हातावरचा ओला कोट माझ्यावर टांगला.

स्पर्लिंग खाकरले. "मायलॉर्ड, सदस्याच्या खुंटीवर..."

"आता किती दिवसांचा सदस्य मी?"

स्पर्लिंगनी त्या कोटाकडे पाहिले, मग दाराकडे. "पाऊस थांबला का बघून येतो," म्हणाले आणि बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

थोड्याच दिवसांत माझी चिठ्ठी निघाली. मित्रांनो, मला फार रडू आले. काही काळ माझ्यावर नुसती धूळ होती. मग नवी चिठ्ठी लागली, पुढे आणखी एक. ही माणसे वारशाने आली नव्हती. पंतप्रधानांसारख्या वरच्यांनी नावे सुचवली म्हणून आली होती. काही खरोखर विद्वान, काही नुसतीच कुणाच्या मर्जीतली. लोकांना मात्र तेव्हाही कुणी विचारले नाही. काम अर्धेच राहिले.

मला उपटून फेका असे मी म्हणत नाही. घाईत केलेला कायदा पुन्हा निवांत तपासणारे कुणीतरी हवेच. लॉर्ड थॉर्नबेकांचे ते कलम आठवा. फक्त, मोठे झालात की माझ्यावर कोट टांगण्याआधी लोकांना विचारत जा.

टॅम्सिन पुढे खालच्या सभागृहाच्या निवडणुकीला उभी राहिली आणि चांगलीच आपटली. त्यानंतर एकदा ती स्पर्लिंगना भेटायला आली. त्यांनी हळहळून विचारले, तर ती खळखळून हसली. "लोक नाही म्हणाले हो! पण मी त्यांना विचारलं तरी."

माझ्या डोक्यावर आजवर इतकी नावे लागली, पण हे वाक्य त्यांतल्या एकालाही म्हणता आले नसते.