पूल उघडला तर

मोरेश्वरची लाल गाडी धावताना कधीच तापत नसे. तापायची ती उभी राहिल्यावर. एकोणसत्तर सालची अमेरिकन मसल कार, आठ सिलिंडरांचं अवाढव्य इंजिन, आणि त्याला गार ठेवणारा पंखा त्याच इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. इंजिन मंदावलं की पंखाही मंदावे आणि तापमानाचा काटा चढू लागे. नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावात कालव्यावरचा पूल बोटींसाठी उघडतो, तेव्हा तर उभं राहण्यावाचून गत्यंतरच नसतं. गेल्या दसऱ्याला तिथेच बॉनेटमधून वाफेचा लोट उठला होता. शेजारच्या सायकलवाल्यांनी हौसेने फोटो काढले होते.

"आणखी एकदा वाफ दिसली, तर गाडी विकायची," असं त्याच्या बायकोने, सुमेधाने, तेव्हाच बजावलं होतं.

आज तिच्या बहिणीच्या मुलीचं, उत्तराचं लग्न. अकरा वाजता गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत सह्या होत्या आणि उत्तराला तिथे लाल गाडीतूनच जायचं होतं. वाटेत तोच पूल.

दोन आठवडे खपून मोरेश्वरने जुना पंखा काढला होता आणि रेडिएटरमागे बॅटरीवर चालणारे दोन पंखे बसवले होते. पाणी तापलं की हे आपोआप सुरू होणार. इंजिन कितीही मंद असो, फिरणार ते पूर्ण वेगाने. काल त्यांची घरघर ऐकूनच तो इतका खूश झाला की जेवणावरही त्याचं लक्ष नव्हतं.

साडेनऊला त्याने दारात इंजिन सुरू केलं. ते तापत होतं, तोच सुमेधा ताट घेऊन आली.

"थांब. पूजा केल्याशिवाय हलायचं नाही."

"अगं, गाडी जुनीच आहे."

"पंखे नवे आहेत ना?"

तिने पुढच्या जाळीला कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. तेवढ्यात पंखे सुरू झाले आणि सगळा धूर तिच्या तोंडावर आला.

"अरे," ती खोकत मागे सरली, "तुझे पंखे माझ्यावर का फुंकतायत?"

मोरेश्वर थिजला. आयंडहोवनमध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या धूळमुक्त खोल्यांतली हवा तो बारा वर्षं धूर सोडूनच तपासत होता. घरच्या गाडीची मात्र ही साधी परीक्षा घ्यायला तो विसरला होता. धूर जाळीतून आत ओढला जायला हवा होता. पंखे उलटे फिरत होते!

इंजिन बंद करून त्याने बॉनेट उघडलं. एक वायर निळी, एक काळी. इथल्या घरांत निळी वायर न्यूट्रलची. स्वयंपाकघरातले सॉकेट बसवताना ते डोक्यात पक्कं झालेलं, म्हणून निळी त्याने बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली होती. या पंख्यांची निळी धन टोकाची होती. सोबतच्या कागदावर तसं छापलेलंही होतं.

"कागद वाचला नाहीस?"

"चित्रं पाहिली होती."

"आणि म्हणे डॉक्टरेट!"

"काका, दहा वाजून गेले!" नऊवारीतली उत्तरा दारातून ओरडली.

वीस मिनिटांत त्याने वायरींची अदलाबदल केली आणि गाडी पुन्हा सुरू केली. पंखे फिरू लागताच सुमेधाने, या वेळी बाजूला उभं राहून, नवी उदबत्ती धरली. धूर एका रेषेत जाळीत शिरला. "बसा!" मोरेश्वर ओरडला.

पुलाशी पोचले आणि घंटा वाजली. दांडा खाली आला. उंच डोलकाठीची शिडाची बोट, आणि वारा नावाला नाही. काटा चढू लागला. सुमेधा काट्याकडे पाहत होती, मोरेश्वर सुमेधाकडे. काटा दसऱ्याच्या जागेपाशी आला, आणि पुढून जोरात घरघर उठली.

काटा थबकला. मग खाली आला.

"काका! आला खाली!" उत्तराने मागच्या सीटवरून टाळ्या पिटल्या.

मोरेश्वरने श्वास सोडला. पलीकडे बोट अजून अर्धीही सरकली नव्हती.

"जाऊ दे तिला सावकाश," सुमेधा म्हणाली आणि खिडकीची काच खाली करून शेजारच्या सायकलवाल्यांकडे वळली. "आता काढा म्हणावं फोटो!"