हवालदाराचा पहारा

आमच्या आईला घरात सगळे हवालदार म्हणतात. बाबांची मूत्रपिंडं कुरकुरायला लागली तेव्हापासून त्यांच्या ताटावर तिचा कडक पहारा. प्रथिनं कमी जावीत म्हणून दूध घोटभर, अंडं अर्धंच. बाबा शेजारी जाऊन चोरून खायचे आणि मिशीला लागलेल्या पिवळ्या बलकामुळे पकडले जायचे.

मग जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि मूत्रपिंडं पारच थांबली. आता बाबा अतिदक्षता विभागात होते. एका बाजूला डायलिसिसचं यंत्र, नाकातून पोटात गेलेली नळी आणि तिला जोडून वर टांगलेली पातळ अन्नाची पिशवी.

"आजपासून प्रथिनं वाढवतेय," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

"मारायचंय का त्यांना?" आई उसळली.

"आजी, तुमचं पथ्य तेव्हा बरोबरच होतं. पण आता हे यंत्र घाणीबरोबर प्रथिनंही धुऊन नेतं, आणि आजार त्यांचे स्नायू खातोय. नाही दिली तर श्वास घ्यायलाही ताकद उरायची नाही."

आईने मान डोलावली. ती इतक्या पटकन ऐकते तेव्हा खुशाल समजावं, तिने काही ऐकलेलं नाही.

मी औषधं आणायला खाली गेले. परतले तर खाटेभोवती धावपळ. बाबा घामाने निथळत होते, हाका मारल्या तरी डोळे उघडत नव्हते. रक्तातली साखर धाडकन उतरली होती. नर्सने शिरेतून साखर दिली, मग अन्नाची नळी चाचपत वर गेली आणि थबकली. नळीवरचं, धार कमी-जास्त करायचं चाक बंद होतं. अन्न थांबलेलं, साखर उतरवणारं इन्सुलिन मात्र शिरेतून चालूच.

"हे कोणी बंद केलं?"

आई भिंतीला टेकली. "मी. थोडंच जावं म्हणून..."

मला तिची भयंकर चीड आली. पण तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता, मी खुर्ची ओढून तिला बसवलं.

हळूहळू साखर वर आली. बाबांनी डोळे किलकिले केले. नर्सने आईला बजावलं, "यापुढे इथे कशालाही हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी आई खाटेपासून लांब उभी होती, हात पाठीमागे घट्ट धरून. पिशवीतून अन्न उतरत होतं, तिकडे ती बघतसुद्धा नव्हती. बाबांनी चादरीतून हात काढला आणि तिच्याकडे लांबवला. ती जागची हलेना.

"अगं, धर ना," मी म्हटलं.

तिने नर्सकडे पाहिलं. "धरू का?"

बाबांच्या बाबतीत तिने कुणाची परवानगी मागितल्याचं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.