घोडा, खांदा, भाकरी

निळी टोपी, कानांवर प्लास्टिकच्या वाट्या. नंबर चार.

केस विंचरताना वर न जाणारा उजवा हात.

खिरीसाठी सांगून ठेवलेलं दूध.

फ्लेक्सवर घोडा.

चुलतभाऊ कपिलने फ्लेक्स अंगणात अंथरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवले. निळ्या टोपीतल्या अमृताच्या फोटोमागे पांढराशुभ्र घोडा उधळला होता.

"मंचरच्या फ्लेक्सवाल्या पोराला सांगितलं वॉटर पोलो. त्यानं घोडा टाकला."

"अरे, पाण्यात घोडा?"

"तायडे, त्यानं इचारलं, घोडा पवतो का? मी म्हणलं, पवत आसंल!"

आई, फुलाबाई, पदर तोंडाला लावून हसली. अमृताही हसली, पण तिचं लक्ष ओट्यावर बसलेल्या बापाकडे होतं. खंडू चष्मा पुसून पुसून फ्लेक्सवरची अक्षरं वाचत होता. 'भारतीय संघाची शान.' संध्याकाळी बुद्धपौर्णिमेच्या खिरीआधी विहारात तिचा सत्कार होता. सगळं निमगाव सावा गाव येणार होतं.

आणि अमृताने संघाला केव्हाच कळवून टाकलं होतं, की आता नाही. खांदा गेला होता. खरं तर खांद्याआधी मन गेलं होतं. चेंडूसाठी झटताना पाण्याखाली कोण पाय ओढतं, कोण पोटात लाथ घालतं, ते पंचाला दिसत नाही; परदेशातल्या असल्या गोष्टी तिने घरी हसत हसत सांगितल्या होत्या. हे मात्र सांगवत नव्हतं. तिला पुण्याच्या तलावावर न्यायला या माणसाने वर्षानुवर्षं दर रविवारी पहाटेची एसटी धरली होती.

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"दादा, फ्लेक्स नका लावू."

"घोड्याचं येवढं मनावर नको घेऊ."

"घोड्याचं नाय. मी खेळणं सोडलं. खांदा दुखतोच, पण मलाच नको वाटतंय आता."

खंडूने चष्मा मिटला. खिशात ठेवायला गेला, तर त्याला खिसाच सापडेना.

"कायमचं?"

"कायमचं."

मग तो घराकडे वळून म्हणाला, "आगं, वाढ मला. सकाळची भाकर हाय का?"

अमृता बघतच राहिली.

"मॅचचं नुसतं नाव निघालं तरी ह्यांच्या घशाखाली घास उतरत न्हाई," ताट पुढे सरकवत फुलाबाई म्हणाली. "तिकडं तू पाण्यात, हितं हे उपाशी."

"मग कधी बोलला का नाय, दादा?"

"बोललो आस्तो तर तुला वाटलं आस्तं, बापालाच नको हाय." खंडूने भाकरी मोडली. "माझ्या आयला गावच्या हिरीत घागर बुडवू देत न्हवते. तू त्याच हिरीत सूर मारावास, येवढंच मला पायजे व्हतं. ते तू तिसरीत आसतानाच झालं. फुडचं समदं तुझं व्हतं, पोरी. माझी नुसती भीती व्हती."

"आणि सत्कार?"

"व्हऊ दे की. आज मीबी दोन वाट्या खीर खाईन."

अमृताने डाव्या हाताने त्याच्या ताटातली अर्धी भाकरी ओढून घेतली. तो खूप दिवसांनी मोठ्याने हसला.

१९९१च्या उन्हाळ्यात तिच्या कमरेला दोर बांधून तिला पहिल्यांदा विहिरीत सोडलं, तेव्हा वरून दोर धरणाऱ्या खंडूला पोहता येत नव्हतं.