बाबांचा डेस्कटॉप चालू आहे

"ताई, फार काही नाही करायचं. फक्त लॉग आउट दाबायचं," कारखान्याचे साहेब फोनवर म्हणाले. "गेलेल्या माणसाच्या नावाने मेसेज येतात. कामगारांनी धसका घेतलाय हो."

तिने बाबांचा लॅपटॉप उघडला. बाबांना जाऊन अकरा दिवस झाले होते. जेवताना छाती धरून बसले, ते उठलेच नाहीत. चोवीस वर्षं त्यांनी कारखान्यातल्या बॉयलरांचे मीटर सांभाळले. मीटर वाचणारा लिनक्सचा संगणक तिकडे कुलूपबंद खोलीत. बाबा घरातल्या या विंडोजच्या लॅपटॉपवरून त्याचा अख्खा डेस्कटॉप समोर आणायचे. पासवर्ड त्यांनी कुणालाच दिला नव्हता. तो फक्त या लॅपटॉपात साठवलेला होता.

"बाबा, रोज नीट बंद करत जा की," ती म्हणायची.

"अगं, इथली खिडकी मिटली की मी निघालो. तिकडचं काम चालूच राहतं. लॉग आउट केलं की चूल विझली."

तिने क्लिक केलं. पडदा काळा झाला, आणि मग बाबांनी मांडून ठेवलेलं सगळं जसंच्या तसं वर आलं. कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी: 'दुपारची गोळी. विसरू नको, म्हाताऱ्या.' मधोमध आलेख. दोन रेघा आडव्या, शांत. तिसरी चढत चढत बाबांनी आखलेल्या लाल खुणेच्या वर गेली होती. खाली पाठवलेल्या मेसेजांची रांग. ती पाहत असतानाच, बाबांनी लावून ठेवल्याप्रमाणे, आपोआप एकाची भर पडली: 'तीन नंबरचा दाब वाढतोय. माणसं बाजूला घ्या.'

"सापडलं का बटण?"

"साहेब, तीन नंबरचा दाब आत्ता किती आहे?"

"तो मीटर खराब आहे. तुमच्या बाबांनाही हेच सांगितलं होतं. तुम्ही बटण दाबा."

तिने फोन कापला आणि फोरमनकाकांना लावला. बाबांच्या शेजारी बसून त्यांनी उभा जन्म डबा खाल्ला होता.

"काका, बाबांचे मेसेज..."

"नंबर ब्लॉक केला गं पोरी. नाव दिसलं की डबा उघडवेना."

"तीन नंबरपाशी कोण आहे?"

"चौघं. का गं?"

"बाहेर काढा. आत्ता! बाबा खरं सांगतायत."

खुर्ची सरकली. काकांची आरोळी लांब लांब गेली. टेबलावर राहिलेल्या फोनमधून एक बारीक शिट्टी येऊ लागली, हळूहळू वाढणारी. काका मोजत होते.

"एक... दोन... तीन..."

शिट्टी कर्कश झाली.

"अरे, चौथा कुठाय?... ये, ये! चार!"

मग असा आवाज झाला की तिने फोन कानापासून दूर धरला. आलेखावरची तिसरी रेघ सरळ खाली कोसळली.

साहेबांचा फोन पुन्हा वाजू लागला. तिने बाण लॉग आउटवरून पुढे नेला आणि बाबा मिटायचे तशी नुसती खिडकी मिटली.

तिकडे, कुलूपबंद खोलीत, दुपारच्या गोळीची चिठ्ठी तशीच उघडी राहिली.