नाव घेऊन माफी

सीताराम आढाव यांनी येरवड्याच्या तुरुंगात एकतीस वर्षं हवालदारी केली, आणि त्यांच्या बराकीत कधी रक्त सांडलं नाही. घरी मात्र दोन मुलगे होते.

थोरला रोहन वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. धाकटा वरद आणि त्याची बायको सोनाली खाली, आईवडिलांबरोबर. दोघा भावांत तीन वर्षं अबोला होता. कारण एवढंच, की वरदच्या साखरपुड्याला रोहन पोचला तेव्हा भांडी घासायला गेली होती. हिंजवडीचा ट्रॅफिक, असं तो म्हणाला. वरदचं म्हणणं, मुद्दाम केलं. हिंजवडीच्या ट्रॅफिकवर विश्वास न ठेवणारा पुण्यातला हा पहिलाच माणूस.

सीतारामराव त्यांच्या चर्चच्या मंडळीचे पंच. नाताळच्या सकाळी प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाच्या प्याल्यांचं तबक रांगेरांगेतून फिरवायचा मान अकरा वर्षं त्यांचा होता. तुरुंगाने त्यांना पेन्शन दिली, पण ताठ मान दिली ती या तबकाने. आता ज्याच्या घरात अबोला, त्याने तबक धरायचं नाही, असा मंडळीचा जुना नियम. तीन वर्षं कोणी त्याची आठवण काढली नव्हती. या वर्षी काढली. चोवीस तारखेला सकाळी पाळकांचा फोन आला.

"सीतारामराव, संध्याकाळी पाचपर्यंत मिटलं तर कळवा. नाहीतर उद्या तबक रंगनाथ धरतील."

मंडळीतले दुसरे पंच रंगनाथ अकरा वर्षं वाट बघत होते, आणि नियम कोणाला आठवला होता हे सांगायची गरज नव्हती.

साडेचार वाजता सीतारामरावांनी दोघांना स्वयंपाकघरात उभं केलं. त्यांची बायको शालनबाई खाली गॅसची शेगडी मांडून करंज्या तळत होत्या. सोनाली लाटत होती.

"मंडळीची रीत ठाऊक आहे ना?" सीतारामराव म्हणाले. "'काही चुकलं असेल तर माफ कर' असलं मोघम चालायचं नाही. काय केलं त्याचं नाव घ्यायचं, मग माफी मागायची. रोहन, तू थोरला."

"अहो, करंज्या होऊ द्या की आधी," शालनबाई म्हणाल्या.

"पाचची वेळ दिलीय."

रोहन खिडकीकडे बघत म्हणाला, "ट्रॅफिक नव्हता."

"काय?"

"त्या दिवशी. मी सहालाच विश्रांतवाडीत होतो. टपरीवर बसलो. सात चहा प्यायलो. थोरला बिनलग्नाचा आणि धाकट्याचा साखरपुडा. आत आलो असतो तर जो तो विचारणार, तुझं कधी? म्हणून नाही आलो. माफ कर."

सीतारामरावांना गहिवरून आलं. रीत म्हणजे रीत, असं त्यांच्या मनात आलं. वरदचा चेहरा तांबडा झाला होता. मामला तेवढ्यावर थांबला असता, तर करंज्या वाचल्या असत्या.

"आता तू," सीतारामराव म्हणाले.

"त्या रात्री," वरद म्हणाला, "तुझा ब्रूनो पळाला नव्हता. मी जिन्याचं दार उघडलं, त्याला टिंगरेनगरपर्यंत नेला आणि सोडला. माफ कर."

रोहनने तीन महिने आपल्या या कुत्र्याची चित्रं खांबाखांबावर चिकटवली होती.

पहिला ठोसा वरदच्या नाकावर बसला. नाकातून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला आणि रक्त थेट सारणाच्या ताटात पडलं. वरदने रोहनचे केस धरून त्याचं तोंड फ्रिजच्या दारावर आपटलं. एकदा, दोनदा. ओठ फाटला. दुसऱ्या आपटण्याला फ्रिजवरचा येशूजन्माचा चिनी मातीचा गोठा खाली आला, मेंढरं फुटली, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांपैकी एक शेगडीखाली गेला. रोहनने वरदचा गळा धरला. वरद त्याच्या मनगटाला चावला, सोडेचना. "अहो, कुत्र्यासारखं काय चावताय!" सोनाली ओरडली. ती वेळ कुत्र्याचं नाव काढायची नव्हती. रोहनने त्याला उचलून जमिनीवर आदळलं आणि दोघं लोळत, एकमेकांना गुडघे हाणत, शेगडीच्या दिशेने निघाले. शेगडीवर कढईभर तेल उकळत होतं, आणि पलीकडे शालनबाई भिंतीला चिकटलेल्या.

सीतारामरावांनी सोनालीसमोरचा पोळपाट उचलला. कुठे मारलं की माणूस सुटतो आणि मोडत नाही, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पहिला फटका रोहनच्या खांद्यावर बसला. दोघं सुटले. तेल वाचलं, बायको वाचली.

त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. पावणेपाच.

मग त्यांनी आणखी तीन मारले. एक रोहनच्या भुवईवर, कडेने. दोन वरदच्या हातांवर. त्याने नाकावरचे हात डोक्यावर नेले होते, तो लढत नव्हता.

"मारून टाकाल पोरांना!" शालनबाईंनी गॅस बंद केला आणि पोळपाट हिसकावून घेतला.

पोरांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सीतारामराव स्कूटरवरून मागे. सिग्नलला रिक्षाशेजारी थांबले, तर आतून बोलणं ऐकू आलं.

"कडेने मारला रे म्हाताऱ्याने."

"कडेनेच. माझं बोट गेलं बहुतेक."

"ब्रूनोला कुठे सोडलास नेमकं?"

"बेकरीपाशी. खारी खात होता."

"लठ्ठ झाला असेल साला." आणि दोघं हसले. रोहन हसता हसता कण्हला.

बरोबर पाचला फोन वाजला. "मिटलं का, सीतारामराव?"

"मुलांचं मिटलं," ते म्हणाले.

"देवाची कृपा. मग उद्या तबक तुमचंच."

रोहनला पाच टाके पडले. वरदचं नाक आणि एक बोट मोडलं होतं. घरी आल्यावर दोघं एका ताटात जेवले. वडिलांनी चटणी मागितली, ती कोणी दिली नाही.

सकाळी चर्चमध्ये सीतारामराव कोट घालून तबकाजवळ उभे राहिले. समोर तिसऱ्या रांगेत दोन बँडेजं खांद्याला खांदा लावून बसली होती. सगळी मंडळी कौतुकाने बघत होती. पाळक कानाशी म्हणाले, "काय एकी आहे! कसं जमवलंत?"

सीतारामरावांनी तबकाला हात लावला. चांदीचा मुलामा गार लागला.

"माझ्याशी बोलत नाहीत ती," ते म्हणाले.

"कशामुळे?"

सीतारामरावांनी रंगनाथना खूण करून जवळ बोलावलं. तबक उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. रंगनाथना आनंद लपवता येईना, त्यांनी प्रयत्नही केला नाही. सीतारामराव तिसऱ्या रांगेत जाऊन रोहनशेजारी बसले. पुढच्या बायका मागे वळल्या.

"पहिला फटका कढईसाठी मारला," ते पोरांना म्हणाले. हळू बोलायची त्यांना सवय नव्हती, पाचव्या रांगेपर्यंत गेलं. "त्याची माफी मागत नाही. पुढचे तीन तबकासाठी मारले. पाच वाजत आले होते म्हणून. त्यांची मागतो."

तबक आलं. रोहनने प्याला तोंडाला लावला, द्राक्षरस फाटक्या ओठाला झोंबला, तसा तो डोळे मिटून "स्स" करत राहिला.

"बाबा," तो डोळे न उघडता म्हणाला, "जरा सरकून बसा. त्याच खांद्याला लागतंय."

सीतारामराव सरकून बसले.